धाग्यांचा आराखडा

गळाची काठी ही मासे धरण्याची वस्तू आहे, याहून अधिक ज्ञान आम्हांस त्या विषयात नव्हते. आमचे बालपण वसईच्या किनारपट्टीवर गेले खरे. परंतु घर शेतकऱ्याचे, त्यामुळे समुद्राशी संबंध दारावर येणाऱ्या मासळीच्या टोपलीपुरता. पुढे सेमिनरीत तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान शिकलो. त्यातही गळाच्या काठीला जागा नव्हती. अशा काठीवर रंगीत धाग्यांची नक्षी गुंडाळतात, ती नक्षी आधी संगणकावर आखतात आणि त्या आखणीत माणसे आठवडेच्या आठवडे रमतात, असे कोणी सांगितले असते तर आम्ही हसून विषय बदलला असता. आमचे ते हसू ज्यांनी कायमचे थांबवले, त्या एका वृद्ध गृहस्थांविषयी आणि त्यांच्या एका काठीविषयी येथे लिहावयाचे आहे.

२०१४ ते २०१९ या काळात आमची नेमणूक अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या दक्षिण किनाऱ्यावरील एका लहानशा धर्मग्रामात होती. मेक्सिकोच्या आखाताचा हा किनारा. जवळच्या मोठ्या शहराचे नावच कॉर्पस ख्रिस्ती, म्हणजे ख्रिस्तशरीर. किनाऱ्याला समांतर अशी वाळूची लांबच लांब बेटे आणि त्यांच्या आत उथळ, शांत खाड्या. या खाड्यांमध्ये रेडफिश नावाचा तांबूस मासा आणि ठिपकेदार ट्राउट विपुल. त्यामुळे तेथील घराघरांत गळाच्या काठ्या असतात, जशा आपल्याकडे छत्र्या असाव्यात तशा.

हे गृहस्थ आमच्याच धर्मग्रामातील. तेल शुद्धीकरणाच्या कारखान्यात आयुष्यभर नोकरी करून निवृत्त झालेले, विधुर, मितभाषी. गावातील सारी मुले त्यांना आजोबा म्हणत. आम्हीही मनातल्या मनात तेच म्हणू लागलो. त्यांच्या घराला लागून मोटार ठेवण्याची खोली होती. तीत मोटार कधीच नसे. भिंतीवर चाळीसएक काठ्या आडव्या टांगलेल्या. पहिल्या भेटीत आम्ही सौजन्य म्हणून एका काठीजवळ थांबलो आणि तिच्या मुठीच्या वरच्या वीतभर भागाकडे पाहिले. निळ्या, पांढऱ्या आणि सोनेरी धाग्यांच्या शंकरपाळ्यांची एक रांग तेथे चकाकत होती. एकात एक चौकटी, कडा रेखीव, आणि सारे जणू काचेखाली ठेवलेले. ते चित्र रंगवलेले आहे, असे आम्ही समजलो. आजोबांनी एक भिंग आमच्या हाती दिले. तेव्हा दिसले की तेथे रंगाचा एक थेंबही नव्हता. एकाशेजारी एक बसवलेले केसासारखे धागे होते. ही काठी त्यांनी २००९ साली आपल्या पत्नीसाठी तयार केली होती. २०१३ मध्ये ती बाई वारली. त्यानंतर ती काठी नातीला द्यावयाची, हे ठरले होते. नात तेव्हा लहान होती, एवढीच अडचण.

काठीवर धागा मुळात येतो तो गरजेपोटी. दोर ज्यांतून धावतो त्या कड्या काठीला बांधाव्या लागतात, आणि त्या धाग्यानेच बांधतात. पूर्वी चीनमधील टोंकिन बांबूच्या पट्ट्या चिकटवून उत्तम काठ्या करीत आणि त्यांवर रेशमाचा धागा गुंडाळीत. दुसऱ्या महायुद्धानंतर काचतंतूंच्या आणि पुढे १९७०च्या दशकात कार्बनतंतूंच्या पोकळ काठ्या आल्या; धागा रेशमाऐवजी नायलॉनचा झाला; पण बांधण्याची रीत तीच राहिली. गरजेसाठी जेथे हात वळतो तेथे तो थोड्याच काळात शोभेसाठीही वळतो, हा मनुष्यस्वभाव आहे. आपल्याकडे मातीची चूल लिंपणारी बाई शेवटी बोटाने चार रेघा ओढतेच. तसे या मंडळींनी मुठीच्या वरचा मोकळा भाग नक्षीसाठी राखला. आजोबांच्या फळीवर डेल क्लेमन्स यांचे १९८२ सालचे ‘कस्टम रॉड थ्रेड आर्ट’ हे पुस्तक होते. पाने सुटलेली, कडांना गोंदाचे डाग. केवळ धाग्यांच्या कलेवर एक अख्खे पुस्तक असू शकते, हेच आम्हांस नवल.

ही नक्षी कशी होते ते वाचकांना थोडक्यात सांगणे आवश्यक आहे, कारण पुढचे सारे त्यावर अवलंबून आहे. काठीच्या पुढच्या आणि मागच्या अंगावर, एकमेकींच्या अगदी समोर, दोन सरळ रेषा आखतात. त्या रेषांवर ठराविक अंतराने खुणा करतात. धाग्याचे टोक खाली चिकटपट्टीने धरून धागा तिरपा वर नेतात. तो पुढच्या खुणेवरून मागच्या खुणेवर, तेथून पुन्हा पुढच्या खुणेवर असा नागमोडी चढतो. वरच्या टोकाला वळसा देऊन तो उलट्या तिरपेपणाने खाली आणतात. जेथे चढता आणि उतरता धागा भेटतात तेथे फुली पडते. मग या पहिल्या धाग्याच्या एका बाजूला दुसरा, दुसऱ्या बाजूला तिसरा, असे एकआड एक धागे लावीत जातात. रंग बदलत गेला की फुलीभोवती चौकट उमटते, चौकटीभोवती दुसरी चौकट. नक्षी म्हणून वेगळे काही काढावे लागत नाही. क्रम पाळला की ती आपोआप प्रकटते. क्रम चुकला तर मात्र तीही तितक्याच निमूटपणे चूक प्रकट करते.

आजोबा पूर्वी हे आराखडे चौकटीच्या कागदावर रंगीत पेन्सिलींनी काढीत. नंतर त्यांच्या जावयाने त्यांना याच कामासाठी केलेले एक सॉफ्टवेअर संगणकावर बसवून दिले. आम्ही ते प्रथम पाहिले तेव्हा खेळणे वाटले. एका चौकटीत काठीची खालची जाडी भरावयाची, दुसरीत वरची जाडी, तिसरीत नक्षीची लांबी, नंतर फुल्यांची संख्या, धाग्याची जाडी आणि रंगांचा क्रम. कळ दाबली की पडद्यावर सबंध नक्षी उलगडून पसरते, जणू काठीची साल सोलून सपाट मांडली आहे. दुसरी कळ दाबली की तीच नक्षी काठीवर चढते आणि काठी पडद्यावर गोल फिरू लागते. निळ्याच्या जागी हिरवा धागा घालून पाहा, पाचाऐवजी सात फुल्या करून पाहा. एक पैशाचा धागा खर्च होत नाही. “फादर, येथे चुकणे फुकट आहे. म्हणून मी आधी येथे भरपूर चुकून घेतो,” असे ते म्हणाले होते.

पण जाडी दोन ठिकाणी का मोजावयाची, हे आमच्या ध्यानात आले नाही. आजोबांनी काठीवरून बोट फिरवून दाखवले. काठी निमुळती असते. मुठीशी तिची जाडी समजा १२ मिलिमीटर असेल, तर तेथे घेर होतो सुमारे ३७.७ मिलिमीटर. वीतभर वर जाडी साडेदहावर आली की घेर ३३ वर येतो. दोन फुल्यांमधले अंतर घेराइतके ठेवले तर धागा बरोबर ४५ अंशांत तिरपा बसतो आणि चौकट चौरस दिसते. म्हणून काठी जसजशी बारीक होत जाते तसतसे अंतरही कमी करीत न्यावे लागते. सगळीकडे सारखे अंतर ठेवले तर खालच्या चौकटी ठीक, वरच्या मात्र ओढल्यासारख्या लांबट. सपाट कागदावर जे सारखे दिसते ते निमुळत्या काठीवर सारखे राहत नाही.

हे ऐकताना आम्हांस एकाएकी आमच्याकडचे कोळी बांधव आठवले. डोल जाळे असेच निमुळते असते. तोंडाशी रुंद, त्याची आस मोठी. शेपटाकडे जावे तसतशी आस बारीक होत जाते. लहानपणी किनाऱ्यावर जाळे विणणारा एक म्हातारा आम्ही तासन्तास पाहिला होता. त्याच्यापुढे कागद नव्हता, आकडा नव्हता. सारे गणित बोटांत होते. त्याला कोणी विचारले असते की येथे किती आस कमी केलीस, तर बहुधा त्याने जाळे पुढे केले असते. आजोबांची बोटेही तशीच होती. फरक एवढाच की संगणकाने त्यांना आपल्या बोटांतले गणित बाहेर काढून आकड्यांत मांडावयास लावले होते. त्या वेळी आम्हांस तो फरक क्षुल्लक वाटला.

वास्तविक धागा आणि संगणक यांचे नाते जुने आहे. १८०४ साली फ्रान्समध्ये जोसेफ मारी जकार याने असा माग सिद्ध केला की ज्यावर पुठ्ठ्याच्या कार्डांतील छिद्रे पाहून धागे वर उचलले जात. कोणता धागा कधी उचलावयाचा हे विणकराच्या स्मरणात न राहता कार्डात राहू लागले. १८३९ साली जकारचेच चित्र रेशमात विणले गेले. त्यासाठी सुमारे २४,००० कार्डे लागली. गणनयंत्राचे स्वप्न पाहणाऱ्या चार्ल्स बॅबेज याच्याजवळ त्या चित्राची एक प्रत होती, आणि आपल्या यंत्राला आज्ञा देण्यासाठी त्यानेही छिद्रांच्या कार्डांचीच योजना केली. म्हणजे आजोबांचा संगणक धाग्याकडे वळला तो एका अर्थी माहेरीच आला, असे म्हणावयास हरकत नाही.

२५ ऑगस्ट २०१७ च्या रात्री हार्वी नावाचे चक्रीवादळ रॉकपोर्ट गावाजवळ किनाऱ्यावर आदळले. वाऱ्याचा वेग ताशी दोनशे किलोमीटरहून अधिक होता. आम्ही सारे दोन दिवस आधीच गाव सोडून आत गेलो होतो. आजोबा सॅन अँटोनियोला कन्येकडे. निघताना त्यांनी औषधे, पत्नीचे छायाचित्र आणि संगणक एवढेच बरोबर घेतले. काठ्या आठ-आठ फूट लांबीच्या, मोटारीत मावणार नव्हत्या. आम्ही परतलो तेव्हा त्या खोलीचे दार नव्हते, छपराचा अर्धा भाग नव्हता आणि भिंतीवर एकही काठी नव्हती. आठवड्यानंतर दोन गल्ल्या पलीकडे एका कुंपणात मोडक्या काठीचा हातभर तुकडा सापडला. तो निळ्या काठीचा नव्हता. आमच्याही मंदिराच्या खिडक्या गेल्या होत्या. त्या दिवसांत गावात प्रत्येकाचे काहीतरी गेले होते, त्यामुळे काठीविषयी शोक करणे कोणासच शोभले नसते, आणि आजोबांनीही तो केला नाही.

२०१८ च्या जानेवारीत घराची डागडुजी होऊन ते परतले तेव्हा त्यांचे दोन्ही हात थरथरत होते. कंपवात पूर्वीच सुरू झाला होता. या काही महिन्यांत तो वाढला. दर शुक्रवारी आम्ही त्यांच्याकडे ख्रिस्तप्रसाद घेऊन जात असू. अशाच एका शुक्रवारी त्यांनी संगणक उघडला. पडद्यावर ती निळी, पांढरी, सोनेरी नक्षी हळूहळू फिरू लागली. २००९ सालचा आराखडा जसाच्या तसा शिल्लक होता. काठी वाहून गेली, पण तिचे गणित कोरडे राहिले होते. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग आपले हात टेबलाखाली घेऊन म्हणाले, “फादर, आपले हात थरथरत नाहीत.”

आम्हांस शिवणाचा टाकाही घालता येत नाही, हे आम्ही त्यांना सांगितले. तसे ते म्हणाले, “ते चांगलेच. ज्याला थोडे येते तो आराखडा वाचत नाही.”

कोरी काठी मागवली गेली. जुन्या मापाची काठी आता मिळत नव्हती; आली ती जराशी बारीक होती. जुनी मुठीशी १३ मिलिमीटर, ही १२. आजोबांनी नवी मापे संगणकात भरली. सर्व अंतरे क्षणात बदलली आणि एक सूचना उमटली: मधल्या धाग्याच्या दोन्ही बाजूंस चाळीस-चाळीस धागे होते, ते आता सदतीस-सदतीस करावे लागतील, नाहीतर चौकटींमधली मोकळी जागा भरून जाईल. हे गणित त्याने सांगितले. परंतु कोणते तीन धागे काढावयाचे हे तो सांगत नव्हता. निळ्यातून तीन काढले तर पांढरा उठून दिसे. सोनेरी काढला तर सारे निस्तेज. त्या एका प्रश्नावर आजोबांनी एक संबंध दुपार घालवली. शेवटी पांढऱ्यातून दोन आणि बाहेरच्या निळ्यातून एक काढला. “तिला पांढरा फारसा आवडत नसे,” एवढेच स्पष्टीकरण त्यांनी दिले.

दुसरी अडचण रंगाची. आराखड्यात नुसते ‘निळा’ असे लिहिलेले होते आणि पडद्यावर जो निळा दिसे तो पडद्याचा निळा होता. साध्या नायलॉनच्या धाग्यावर राळेचा लेप बसला की तो लेप धाग्यात मुरतो, धागा अर्धवट पारदर्शक होतो आणि रंग काळवंडतो. तसे होऊ नये म्हणून आधी रंगरक्षक द्रावण लावतात, किंवा मुळातच रंग न बदलणारा धागा वापरतात. २००९ साली आपण काय केले होते हे आजोबांना आठवेना. आराखड्यात त्याची नोंद नव्हती, कारण ते करताना त्यांना वाटले होते की हे आपण कसे विसरू? मग त्यांच्या सांगण्यावरून आम्ही जुन्या काठीच्या एका तुकड्यावर सहा ठिकाणी वेगवेगळे निळे धागे गुंडाळले. तिघांवर द्रावण लावले, तिघांवर नाही. सर्वांवर लेप दिला. दोन दिवसांनी तो तुकडा त्यांच्या हाती ठेवला. ते खिडकीपाशी गेले आणि पाचव्या पट्टीवर बोट ठेवले. द्रावण न लावलेला, सूर्यास्तानंतरच्या खाडीसारखा गडद निळा. बोट थरथरत होते, पण जागा सोडत नव्हते. त्या संध्याकाळी आराखड्यात पहिली टीप लिहिली गेली: निळ्याला रंगरक्षक लावू नये.

यानंतर टिपा वाढतच गेल्या. आम्ही अडाणी असल्यामुळे प्रत्येक गोष्ट विचारीत होतो. धागा किती ताणावयाचा? फार ताणला तर खालचे धागे सरकतात, सैल सोडला तर फटी पडतात. पण ‘फार’ म्हणजे किती? बरोबर ताणलेल्या धाग्यावर नखाने टिचकी मारली तर तो हलतो पण जागा सोडत नाही, असे त्यांनी सांगितले आणि मग संगणकात लिहूनही ठेवले. धागे एकमेकांशी भिडवण्यासाठी गुळगुळीत पट्टी कोणत्या दिशेने फिरवावयाची, हेही लिहिले. चाळीस वर्षे जे बोटे आपसूक करीत आली होती ते शब्दांत आणताना ते थकून जात. कधी डोळे मिटून हवेत बोटे हलवीत आणि मग सांगत.

काठी ठेवण्याची लाकडी घोडी आम्ही धर्मगुरुनिवासात आणली होती. रात्रीच्या भोजनानंतर तासभर आम्ही धागे लावीत असू. डावीकडे एक, उजवीकडे एक. छापलेल्या आराखड्यावर प्रत्येक धाग्यापुढे पेन्सिलीची खूण. चौथ्या की पाचव्या रात्री दूरध्वनी आला. आम्ही उठलो, परत बसलो आणि काम पुढे चालवले. दोन धागे लावून झाल्यावर ध्यानात आले की विसावा धागा उजवीकडे जावयाचा तो पुन्हा डावीकडेच गेला आहे. तेव्हा उलगडले असते तर तीनच धागे उलगडावे लागले असते. परंतु रात्र झाली होती, सकाळी अंत्यविधी होता आणि धागा होता तरी केवढा? मिलिमीटरच्या सातव्या हिश्श्याएवढा. पट्टीने दाबून पाहिले. चूक दिसेनाशी झाली, निदान आम्हांस दिसेनाशी झाली. आम्ही आराखड्यावर खूण केली आणि पुढे गेलो. चौतिसाव्या धाग्यापर्यंत गेलो.

त्या शुक्रवारी काठी घेऊन आम्ही आजोबांकडे गेलो. त्यांनी भिंग घेतले आणि एक सुई मागितली. सुईचे टोक एका चौकटीवर ठेवून, मनगट दुसऱ्या हाताने घट्ट धरून, ते एकेक धागा मोजू लागले. आम्ही खिडकीबाहेर पाहत होतो. “डावीकडे अठरा,” ते म्हणाले. मग बऱ्याच वेळाने, “उजवीकडे सोळा.” चौतीस धागे झाले होते, दोन्हीकडे सतरा असावयास हवे होते.

आम्ही म्हणू शकलो असतो की ध्यानात आले नाही. ते वाक्य आमच्या ओठांवर आलेही होते. वीसेक वर्षे दुसऱ्यांचे पापनिवेदन ऐकलेल्या माणसाला स्वतःचे एका धाग्याएवढे निवेदन किती जड जाते याचा अनुभव आम्ही त्या खुर्चीत घेतला. शेवटी सांगितले, की विसाव्या धाग्याशी चूक झाली, ती आम्हांस तेव्हाच कळली होती, आणि आम्ही ती दाबून पुढे गेलो.

आजोबा रागावले नाहीत. त्यांनी संगणकावर तो विसावा धागा मुद्दाम चुकीच्या बाजूला घातला आणि उरलेले सर्व धागे नियमाने चढवले. काठी पडद्यावर फिरू लागली. खालच्या चौकटीत काहीच कळत नव्हते. पण समोरची फुली रेषेवरून हटली होती, मागची विरुद्ध बाजूने हटली होती, आणि शेवटच्या सोनेरी कडा जेथे टोकास टोक भिडावयाच्या तेथे एकमेकींना चुकवून गेल्या होत्या. ते म्हणाले, “संगणकाला पाहावयास सांगितले तर तो चूकही प्रामाणिकपणे दाखवतो. पण आपण त्याला सांगितले पाहिजे, की चूक कोठे केली.” मग क्षणभर थांबून, “मी २००३ साली एक सबंध काठी अशी पुरी केली होती. ती गिऱ्हाइकाला दिली. त्याला कळले नाही. मला मात्र आजही तो मनुष्य रस्त्यात दिसला की मी दुसऱ्या बाजूने जातो.”

आम्ही पंधरा धागे उलगडले, चौतिसाव्यापासून विसाव्यापर्यंत. उलगडलेला धागा पुन्हा वापरता येत नाही. त्याला मुरड पडते. तो गुंता आजोबांनी फेकू दिला नाही. टेबलाच्या खणात ठेवला.

नक्षी मे महिन्यात पुरी झाली. राळेचे दोन भाग समसमान मोजून मिसळले, बुडबुडे निघून जाऊ दिले आणि लेप दिला. लेप एका बाजूस ओघळू नये म्हणून काठी लहानशा मोटारीवर रात्रभर सावकाश फिरत ठेवावी लागते. आजोबा त्या रात्री खुर्ची टाकून तिच्यासमोर बसून राहिले. आम्ही मध्यरात्री निघालो तेव्हा दिव्याखाली ती खरीखुरी काठी फिरत होती, पडद्यावरच्या काठीसारखीच. आणि द्रावण न लावलेला निळा धागा आमच्या डोळ्यांदेखत गडद होत चालला होता.

नात त्या वर्षी बारा वर्षांची झाली होती. तिने काठी हातात घेतली, नक्षीकडे एक नजर टाकली आणि पहिला प्रश्न विचारला तो हा, की हिच्यावर केवढा मासा पेलेल? आजोबा मोठ्याने हसले. त्यांना तसे हसताना आम्ही पूर्वी पाहिले नव्हते.

आम्ही २०१९ मध्ये स्वदेशी परतलो. आजोबा २०२१ साली देवाघरी गेले. दुरून मिस्सा अर्पण करण्यापलीकडे आम्हांस काही करता आले नाही. गेल्या नाताळात त्यांच्या कन्येचे पत्र आले. नात आता मोठी झाली असून आजोबांच्याच संगणकावरील आराखडे उघडून स्वतः काठ्या करू लागली आहे. आता त्यांना विचारता येत नाही. पण बहुतेक प्रश्नांची उत्तरे टिपांत सापडतात, असे तिने आईला सांगितले. ज्या टिपा आमच्या अडाणीपणाने त्यांच्याकडून काढून घेतल्या, त्या खऱ्या तिच्यासाठीच होत्या, हे तेव्हा त्यांना कळले होते की काय कोण जाणे. आम्हांस मात्र ते पत्र वाचेपर्यंत कळले नव्हते.

पत्रासोबत निळ्या काठीच्या आराखड्याची छापील प्रत होती. धाग्यांच्या यादीत विसाव्या ओळीसमोर एक टीप होती. आम्ही तेथे असताना ती नव्हती, मागाहून केव्हातरी त्यांनी घातली असावी. तिचा आशय असा: ‘येथे फादर चुकले होते. दूरध्वनी आला तर घेऊ द्यावा. परंतु परत बसल्यावर आधी दोन्हीकडचे धागे मोजावेत.’

ती प्रत आम्ही आमच्या टेबलावर काचेखाली ठेवली आहे. येणारे लोक ती कसली नक्षी म्हणून विचारतात. काठीविषयी आम्ही सांगतो. विसाव्या ओळीपर्यंत ज्याची नजर जाते, त्याला तेही सांगतो.